क्लॉज ओळखायचा तर त्याचं काम विचारा: इंदूरच्या मराठी मुलांसाठी

इंदूरच्या भंवरकुआत कोचिंगला जाणाऱ्या बहुतेक मुलांच्या वहीत इंग्रजीचे क्लॉज, म्हणजे वाक्यातली उपवाक्यं, ओळखायचा एक तक्ता असतो. हू, व्हिच, हूज आलं की ॲडजेक्टिव्ह क्लॉज. दॅट आलं की नाउन क्लॉज. व्हेन, व्हेअर, इफ, बिकॉज आलं की ॲडव्हर्ब क्लॉज. पाठ करायला सोपा आहे आणि सुरुवातीच्या उदाहरणांत उत्तरही बरोबर येतं. मग एका वाक्यात 'व्हेन' येतं, मुलगा बेधडक 'ॲडव्हर्ब' लिहितो आणि मार्क जातो. यात मुलाचा दोष नाही. तक्ता त्याला क्लॉजचा पहिला शब्द बघायला शिकवतो, पण प्रकार ठरतो तो क्लॉज त्या वाक्यात कोणतं काम करतोय यावरून. नामाचं काम केलं तर नाउन क्लॉज, विशेषणाचं केलं तर ॲडजेक्टिव्ह, क्रियाविशेषणाचं केलं तर ॲडव्हर्ब.

हे काम ओळखायला आपल्या इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलांकडे एक मोठी सोय आहे आणि ती फारशी कोणी वापरत नाही. घरी मराठी, शाळेत आणि गल्लीत हिंदी. या दोन्ही भाषांत 'व्हेन'ला दोन वेगळे शब्द आहेत: कधी आणि जेव्हा, कब आणि जब. इंग्रजी जो फरक एकाच शब्दाखाली झाकते, तो आपल्या कानाला सरळ ऐकू येतो. खालच्या पायऱ्या त्या कानाच्या भरवशावर लिहिल्या आहेत.

नावांबद्दल एवढंच. हिंदी माध्यमाच्या पुस्तकात मेन आणि सबॉर्डिनेट क्लॉजला प्रधान आणि आश्रित उपवाक्य, नाउन क्लॉजला संज्ञा उपवाक्य अशी नावं भेटतील. घरात कोणी मराठी माध्यमात शिकलेलं असेल तर ते मुख्य वाक्य, गौण वाक्य, नामवाक्य, विशेषणवाक्य म्हणतील. गोष्ट तीच. परीक्षेत इंग्रजी नावं लिहायची असतात, म्हणून इथे तीच ठेवते. इंग्रजी वाक्यं देवनागरीत आहेत. मोठ्याने वाचा आणि वहीत उतरवताना रोमन लिपीत लिहा.

पहिली पायरी: फायनाइट क्रियापदं मोजा

वाक्य हातात आलं की अर्थाच्या, प्रकाराच्या मागे लागायचं नाही. पेन्सिल घ्यायची आणि फक्त फायनाइट क्रियापदांखाली रेघ मारायची. ज्या क्रियापदाला काळ असतो, किंवा ज्याच्या आधी विल, कॅन, मस्ट यांसारखं मोडल असतं, ते फायनाइट. जितकी फायनाइट क्रियापदं, तितके क्लॉज.

मोजताना चूक होते ती ठरलेल्या जागी होते. 'हॅज बीन वेटिंग' हे शब्द तीन असले तरी क्रियापद एकच. 'टू गो', 'गोइंग' किंवा नुसतं तिसरं रूप एकटं आलं तर ते मोजायचंच नाही. 'द मॅन स्टँडिंग निअर राजवाडा इज माय अंकल' यात फक्त 'इज' फायनाइट, म्हणून क्लॉज एक. 'द मॅन हू इज स्टँडिंग निअर राजवाडा इज माय अंकल' यात दोन. मराठीत म्हणून बघा: पहिलं 'राजवाड्याजवळ उभा असलेला माणूस', दुसरं 'जो माणूस राजवाड्याजवळ उभा आहे तो'. 'असलेला'मध्ये वाक्य पूर्ण होत नाही, 'आहे'मध्ये होतं.

भूतकाळासारखं दिसणारं तिसरं रूप सगळ्यात जास्त फसवतं. 'द पोहा सोल्ड निअर द स्टेशन टेस्ट्स बेटर.' इथे 'सोल्ड' बघून मुलं रेघ मारतात. स्वतःला विचारा, पोह्यांनी काही विकलं का? नाही, ते विकले जाणारे पोहे. म्हणजे रेघ फक्त 'टेस्ट्स'खाली.

याच्या उलट चूक 'ही केम होम अँड स्लेप्ट'मध्ये होते. मराठीत आपण 'घरी येऊन झोपला' म्हणतो, त्यात पूर्ण क्रियापद एकच, म्हणून मुलं क्लॉजही एकच मोजतात. इंग्रजीत 'केम' आणि 'स्लेप्ट' दोन्ही फायनाइट आहेत. दुसऱ्या क्लॉजचा कर्ता फक्त पुन्हा लिहिलेला नाही.

मोठ्या वर्गातल्या मुलांसाठी एक खुलासा. आजचं भाषाशास्त्र 'स्टँडिंग निअर राजवाडा' यालाही क्लॉज मानतं, नॉन-फायनाइट क्लॉज. शाळेच्या परीक्षेत मात्र त्याला फ्रेज, म्हणजे नुसता शब्दसमूह, म्हणतात. बी.ए. इंग्रजीला गेलात आणि तिथे वेगळं ऐकलंत तर गोंधळू नका. दोन पद्धती आहेत, प्रश्नपत्रिका कोणत्या पद्धतीची आहे तेवढं बघा.

दुसरी पायरी: सांधे शोधा, न दिसणारे सुद्धा

तीन क्लॉज असतील तर त्यांना जोडणारे सांधे दोन असायला हवेत. एखादा सापडला नाही तर तो गाळलेला आहे. 'आय थिंक ही इज ॲट होम'मध्ये 'थिंक'नंतरचं 'दॅट' गळलंय. 'द बुक आय बॉट इज टॉर्न'मध्ये 'बुक'नंतरचं 'व्हिच' किंवा 'दॅट' गळलंय. दुसऱ्या प्रकाराची खूण पक्की आहे: मध्ये स्वल्पविराम नाही, 'अँड' नाही, तरी नाम आणि लगेच दुसरा कर्ता शेजारी शेजारी उभे दिसतात, 'बुक आय'. तिथे पेन्सिलीने गाळलेला शब्द लिहून घ्या आणि मग पुढे जा.

अँड, बट, ऑर, नॉर, यट, सो आणि 'कारण' या अर्थाचा फॉर हे बरोबरीचे क्लॉज जोडतात, त्यांना को-ऑर्डिनेट म्हणायचं. एवढं लक्षात ठेवा की दोन सबॉर्डिनेट क्लॉजसुद्धा 'अँड'ने जोडलेले असू शकतात. 'शी सेड दॅट शी वॉज टायर्ड अँड दॅट शी वॉन्टेड टी.' इथले दोन्ही 'दॅट' क्लॉज नाउन क्लॉजच आहेत आणि आपापसात बरोबरीचे आहेत.

तिसरी पायरी: मेन क्लॉज वेगळा काढा

'जो एकटा उभा राहू शकतो तो मेन क्लॉज' ही व्याख्या सगळीकडे शिकवतात. बऱ्याच वाक्यांत ती चालते, पण तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. 'व्हॉट यू सेड सरप्राइज्ड मी' हे घ्या. 'व्हॉट यू सेड' काढून टाकलं तर उरतं 'सरप्राइज्ड मी', आणि ते एकटं उभं राहत नाही. कारण सबॉर्डिनेट क्लॉज स्वतःच मेन क्लॉजचा कर्ता झाला आहे.

म्हणून मी मुलांना उलटीकडून सुरुवात करायला सांगते. ज्या ज्या क्रियापदाच्या क्लॉजला सांध्याचा शब्द चिकटलाय, दिसणारा किंवा गाळलेला, ते ते बाजूला करा. ज्याला असा कोणताच शब्द चिकटलेला नाही, ते मेन क्लॉजचं क्रियापद. इथे 'सेड'ला 'व्हॉट' चिकटलंय, 'सरप्राइज्ड'ला काही नाही. मेन क्रियापद 'सरप्राइज्ड'.

चौथी पायरी: काम विचारा

खरा वेळ द्यायचा तो इथे. एकाच 'व्हेन'ची तीन वाक्यं बघा.

'आय डोन्ट नो व्हेन द बस लीव्ज.' बस कधी सुटते ते मला माहीत नाही.

'व्हेन द बस लीव्ज, कॉल मी.' जेव्हा बस सुटेल तेव्हा मला फोन कर.

'आय रिमेंबर द मॉर्निंग व्हेन वी लेफ्ट फॉर मांडू.' ज्या सकाळी आपण मांडूला निघालो ती सकाळ मला आठवते.

पहिल्यात 'कधी' आलं. माहीत काय नाही? 'ते'. क्लॉजने एका नामाची जागा घेतली, म्हणून नाउन क्लॉज. दुसऱ्यात 'जेव्हा-तेव्हा' आलं, फोन कोणत्या वेळी करायचा ते कळलं, म्हणून ॲडव्हर्ब. तिसऱ्यात 'ज्या सकाळी, ती सकाळ' आलं, क्लॉज 'मॉर्निंग' या नामाला चिकटला, म्हणून ॲडजेक्टिव्ह.

यातून नियम निघतो. मराठीत 'क'चा शब्द आला, म्हणजे कधी, कुठे, कोण, काय, का, कसा, तर नाउन क्लॉज. 'ज-त'ची जोडी आली आणि ती एखाद्या नामाला धरून असली तर ॲडजेक्टिव्ह. 'ज-त'ची जोडी आली पण ती वेळ, जागा, रीत, अट सांगत असली तर ॲडव्हर्ब. हिंदीतून विचार करणाऱ्या मुलालाही हाच नियम लागू: कहाँ आणि जहाँ, कब आणि जब, कौन आणि जो. 'व्हेअर' घालून स्वतः तपासा: 'आय नो व्हेअर शी लिव्ज' म्हणजे कुठे, 'सिट व्हेअर यू लाइक' म्हणजे जिथे-तिथे, 'द लेन व्हेअर शी लिव्ज' म्हणजे ज्या गल्लीत, ती गल्ली.

नियम एका ठिकाणी अडखळतो आणि ते आधीच माहीत असलेलं बरं. 'आय एट व्हॉट शी कुक्ड.' तिने जे शिजवलं ते मी खाल्लं. 'जे-ते' आलं, पण हा ॲडजेक्टिव्ह नाही. कारण इंग्रजी वाक्यात 'व्हॉट'च्या आधी नामच नाही, मग विशेषण कोणाचं? काय खाल्लं, याचं उत्तर तो क्लॉजच देतो, म्हणून नाउन क्लॉज. तेव्हा 'ज-त' ऐकू आलं की लगेच दुसरा प्रश्न विचारायचा: आधी, अगदी शेजारी, नाम आहे का?

'इफ'मध्ये तर या ओळखीवर काळ ठरतो, म्हणून ते नीट बघू. 'आय डोन्ट नो इफ ही विल कम.' तो येईल की नाही, माहीत नाही. इथे 'इफ' म्हणजे 'व्हेदर', नाउन क्लॉज, आणि त्यात 'विल' चालतं. 'इफ ही कम्स, वी विल गो टू सराफा.' तो आला तर आपण सराफ्यात जाऊ. इथे अट आहे, ॲडव्हर्ब क्लॉज, आणि गोष्ट पुढची असली तरी क्रियापद वर्तमानात. 'व्हेन'चंही तसंच: 'आस्क हिम व्हेन ही विल कम' बरोबर, 'व्हेन ही कम्स, आस्क हिम' बरोबर. आपल्याकडची मुलं 'व्हेन ही विल कम, आय विल आस्क हिम' लिहितात, कारण मराठीत 'जेव्हा येईल तेव्हा विचारीन' आणि हिंदीत 'जब आएगा तब पूछूँगा' हे अगदी शुद्ध आहे. मातृभाषा प्रकार अचूक सांगते, पण काळ तिच्याकडून घ्यायचा नाही. वेळ किंवा अट सांगणारा ॲडव्हर्ब क्लॉज आहे असं ठरलं की त्यातला 'विल' खोडा.

'क'च्या क्लॉजमध्ये शब्दांच्या क्रमाचीही चूक होते. सुटा प्रश्न 'व्हेअर डझ शी लिव्ह?' असतो, पण तो नाउन क्लॉज झाला की 'आय नो व्हेअर शी लिव्ज' असा सरळ होतो. 'डझ' जातो.

आता 'दॅट'. 'द न्यूज दॅट ही ब्रॉट वॉज फॉल्स' आणि 'द न्यूज दॅट द मॅच वॉज कॅन्सल्ड वॉज फॉल्स'. दोन्हीकडे 'न्यूज' नाम, दोन्हीकडे 'दॅट'. मराठी करा: पहिलं 'त्याने आणलेली बातमी', दुसरं 'सामना रद्द झाल्याची बातमी'. 'आणलेली' हे बातमीचं विशेषण. 'रद्द झाल्याची'मध्ये बातमी काय होती तेच सांगितलंय. इंग्रजीतली परीक्षा अशी: 'दॅट' काढून उरलेला क्लॉज वाचा. 'ही ब्रॉट', काय आणलं? जागा रिकामी आहे, म्हणून ॲडजेक्टिव्ह. 'द मॅच वॉज कॅन्सल्ड', काही कमी नाही, म्हणून नाउन क्लॉज, 'न्यूज'शी ॲपोझिशनमध्ये, म्हणजे त्या नामाचीच गोष्ट पुन्हा उलगडून सांगणारा. फॅक्ट, होप, रूमर, आयडिया, बिलीफ अशा नामांनंतर ही परीक्षा हमखास घ्या.

पाचवी पायरी: कामाचं पूर्ण नाव लिहा

नुसतं 'नाउन क्लॉज' लिहून उत्तर पूर्ण होत नाही, तो कर्ता आहे की कर्म ते सांगावं लागतं. 'व्हॉट यू सेड सरप्राइज्ड मी' यात सब्जेक्ट. 'आय नो दॅट शी इज इल' यात 'नो'चं ऑब्जेक्ट. 'माय वरी इज दॅट द ट्रेन मे बी लेट' यात कॉम्प्लिमेंट, म्हणजे पूरक. 'इट डिपेंड्स ऑन व्हॉट द डॉक्टर सेज' यात 'ऑन' या प्रिपोझिशनचं ऑब्जेक्ट. 'इट इज ट्रू दॅट इंदूर गेट्स नर्मदा वॉटर फ्रॉम जलूद' यात शाळेच्या पद्धतीने 'इट'शी ॲपोझिशन लिहितात. खरं तर तो क्लॉज वाक्याचा कर्ताच आहे, लांब म्हणून मागे सरकवलाय.

ॲडजेक्टिव्ह क्लॉजला कोणत्या नामाचं विशेषण ते लिहायचं, आणि त्याआधी स्वल्पविराम बघायचे. 'द प्लेअर हू लेड इंडिया इन 1932 वॉज सी. के. नायडू.' क्लॉज काढला तर कोणता खेळाडू ते कळत नाही. तो ओळख पटवतो, म्हणून स्वल्पविराम नाही. 'सी. के. नायडू, हू लेड इंडिया इन 1932, प्लेड फॉर होळकर.' इथे माणूस नावानेच ठरला, क्लॉज फक्त जास्तीची माहिती देतो, म्हणून दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. त्यात 'हू'च्या जागी 'दॅट' चालत नाही आणि सांधा गाळताही येत नाही. 'माय ब्रदर हू लिव्ज इन पुणे' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल तुम्हाला आणखीही भाऊ आहेत. भाऊ एकच असेल तर 'हू'च्या आधी स्वल्पविराम हवाच.

ॲडव्हर्ब क्लॉजची नावं बरीच आहेत: टाइम, प्लेस, कॉज, पर्पज, रिझल्ट, कंडिशन, कन्सेशन, मॅनर, कंपॅरिझन. पुस्तकात यादी मिळेल. घोळ घालणारे सांधे मात्र मोजके आहेत, तेवढे घोटा. 'ॲज' सगळ्यात वाईट. 'ॲज आय एंटर्ड' म्हणजे शिरता शिरता, टाइम. 'ॲज इट वॉज लेट' म्हणजे उशीर झाला म्हणून, कॉज. 'डू ॲज आय से' म्हणजे जसं-तसं, मॅनर. 'ॲज टॉल ॲज ही इज' म्हणजे त्याच्याइतका, कंपॅरिझन. 'सिन्स' म्हणजे 'पासून' असेल तर टाइम, 'ज्या अर्थी' किंवा 'म्हणून' असेल तर कॉज. 'सो दॅट' जोडून आलं आणि मराठीत 'व्हावं म्हणून' बसलं तर पर्पज. 'सो' आणि 'दॅट'च्या मध्ये विशेषण आलं, 'इतका दमला की', तर रिझल्ट.

एक वाक्य पूर्ण सोडवू

'द वूमन हू सेल्स भुट्टे का कीस इन सराफा टोल्ड अस दॅट शी वुड क्लोज अर्ली बिकॉज द रेन, व्हिच हॅड स्टार्टेड इन द इव्हनिंग, वॉज नॉट गोइंग टू स्टॉप.'

रेघा मारा: सेल्स, टोल्ड, वुड क्लोज, हॅड स्टार्टेड, वॉज गोइंग. पाच. 'टू स्टॉप' मोजायचं नाही. सांधे: हू, दॅट, बिकॉज, व्हिच. चार, हिशेब जुळला. ज्याला सांधा चिकटलेला नाही ते 'टोल्ड', म्हणून मेन क्लॉज 'द वूमन टोल्ड अस'.

'हू सेल्स भुट्टे का कीस इन सराफा': जी बाई विकते ती, ॲडजेक्टिव्ह, 'वूमन'चं. 'दॅट शी वुड क्लोज अर्ली': काय सांगितलं, नाउन, 'टोल्ड'चं ऑब्जेक्ट. 'व्हिच हॅड स्टार्टेड इन द इव्हनिंग': 'रेन'चं ॲडजेक्टिव्ह, स्वल्पविरामांत, म्हणजे जास्तीची माहिती. राहिला 'बिकॉज द रेन वॉज नॉट गोइंग टू स्टॉप'. कारण सांगतोय हे उघड आहे, पण कशाचं? सांगण्याचं की दुकान बंद करण्याचं? बंद करण्याचं. म्हणून तो 'वुड क्लोज'चा ॲडव्हर्ब क्लॉज ऑफ कॉज आहे आणि नाउन क्लॉजच्या पोटात बसलाय. मुलं त्याला सरळ मेन क्लॉजला नेऊन जोडतात आणि अर्धा मार्क घालवतात. सबॉर्डिनेट क्लॉज दुसऱ्या सबॉर्डिनेट क्लॉजवर अवलंबून असू शकतो, म्हणून दर वेळी 'कोणत्या क्रियापदाला?' हा प्रश्न विचारूनच रेघ जोडा.

सराव कसा करायचा

पुस्तकातली उदाहरणं संपली की इंग्रजी वर्तमानपत्रातल्या एका बातमीचा पहिला परिच्छेद घ्या. बातमीदार सगळं पहिल्या वाक्यात कोंबतात, त्यामुळे तीन-चार क्लॉज सहज मिळतात. रोज एकच वाक्य, पण पाचही पायऱ्या लिहून. आठवड्यातून एकदा उलटं करा: फ्रेजचा क्लॉज करा, क्लॉजची फ्रेज करा. 'द पोहा सोल्ड निअर द स्टेशन'चं 'द पोहा दॅट इज सोल्ड निअर द स्टेशन'. घरच्यांना यात घ्यायला हरकत नाही. इंग्रजी न येणाऱ्या आजीलाही 'कधी की जेव्हा, काय म्हणू?' असं विचारता येतं, आणि तिचं उत्तर बरोबर असतं.

कधी कधी वाक्य खरोखरच दोन अर्थांचं निघतं. 'टेल मी इफ यू आर हंग्री.' भूक लागली आहे का ते सांग, हा एक अर्थ. तेव्हा नाउन क्लॉज, 'टेल'चं ऑब्जेक्ट. भूक लागली असेल तर सांग, हा दुसरा. तेव्हा ॲडव्हर्ब क्लॉज ऑफ कंडिशन. पेपरात असं वाक्य आलं तर आधी आजूबाजूची वाक्यं वाचा, संदर्भातून एक अर्थ सहसा सुटतो. सुटा प्रश्न असेल तर जो अर्थ घेतलात तो इंग्रजीत एका ओळीत लिहा, 'हिअर इफ मीन्स व्हेदर' एवढं पुरे, आणि त्याच्याखाली क्लॉजचं नाव आणि काम लिहा.